मनकऱ्याच्या तंबूआधीची गोष्ट

[दृश्य : नागपूर, महाल. गल्लीतली वर्दळ, भोसल्यांचा वाडा.]

३१ मार्च १७४४. बंगालमध्ये मनकरा इथं नवाब अलीवर्दी खानानं तहाच्या बोलणीसाठी तंबू उभारला होता. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर वीसेक सरदारांसह आत गेले. आतच त्यांची कत्तल झाली.

नागपुरात ही हकीकत दगा म्हणून सांगतात. तो दगाच होता. बोलणीला बोलावलेल्या माणसाला मारणं हे पापच. पण आपण गोष्ट तिथूनच सुरू करतो, हे मला खटकतं.

[दृश्य : भागीरथीचा काठ, कटवा.]

दोन वर्षं आधी, १७४२ मध्ये, आपली फौज बर्दवानवर उतरली. नवाब चौथाई देईना, तेव्हा गावं जाळली. मुर्शिदाबादेत जगत शेठची पेढी लुटली. कलकत्त्यात इतकी धास्ती, की तिथं शहराभोवती खंदक खणायला घेतला. खेड्यातल्या विणकरानं, शेतकऱ्यानं कुठला खंदक खणायचा? ते बायकापोरांसह नदीपार पळाले. त्याच काळातल्या एका बंगाली काव्यात सगळं आलंय : लूट, बायकांवरचे अत्याचार, पैशासाठी माणसांना तळ्यात बुडवणं. विशेष म्हणजे त्या कवीनं मराठ्यांना सुरुवातीला देवानंच पाप्यांना शासन करायला पाठवलेलं दाखवलंय. पुढं हे अत्याचार पाहून देवी त्यांच्यावर उलटते.

मनकऱ्याची बातमी ऐकून त्या विणकराला बरं वाटलं असेल, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. ज्याचं घर जळलं, त्याचा राग खरा. पण तलवार नवाबाच्या हातात होती, आणि नवाबाला राखायची होती आपली गादी.

पुढच्याच वर्षी रघूजी भोसले स्वतः बंगालवर चालून गेले. भास्करपंतांच्या खुनाचा जाब नवाबाला विचारायचा होता. घोड्यांच्या टापांखाली आली ती पुन्हा रयतेची शेतं.

[दृश्य : जुना नकाशा, नागपूर ते मुर्शिदाबाद.]

१७५१ साली तह झाला. ओडिशाचा महसूल भोसल्यांकडे आला, शिवाय बंगालची चौथाई म्हणून वर्षाला १२ लाख रुपये ठरले. अलीवर्दीची नवाबी टिकली, रघूजींचा दरारा वाढला. ते १२ लाख पिकातून आणि मागावरच्या कापडातूनच निघणार होते. मनकऱ्याच्या दग्याबद्दल बोलताना नागपूरकरांनी त्या रयतेचा हिशेबही सांगावा, असं मला मनापासून वाटतं.