प्रशांत महासागर आणि मुंबईचा पाऊस

कुलाब्याच्या वेधशाळेत रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकात साठलेले पाणी मोजपात्रात ओतले जाते, आणि नजर पाण्याच्या पातळीला आणून मिलिमीटरचा आकडा नोंदवला जातो. कुलाब्यात हवामानाच्या नियमित नोंदी १८४१ पासून होत आहेत. अशाच देशोदेशीच्या नोंदी ताडून पाहताना, १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांना दिसले की, प्रशांत महासागराच्या पूर्व भागात हवेचा दाब उतरतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूला तो चढतो. दाबाच्या या हेलकाव्याचा समुद्राशी असलेला संबंध मात्र १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब बियर्कनेस यांनी उलगडला.

एरवी विषुववृत्तावरचे पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तिथली समुद्रपातळी पेरूच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते, आणि पेरूजवळ खोलातले थंड पाणी वर येते. वारे मंदावले की उबदार पाणी पूर्वेकडे सरकते. त्यामुळे दोन्ही टोकांच्या तापमानातील फरक घटतो, आणि हा फरकच वाऱ्यांना जोर देत असल्यामुळे वारे आणखी मंदावतात. आधी समुद्र बदलला की वारा, हा प्रश्नच इथे गैरलागू ठरतो, कारण दोघेही एकमेकांचा बदल वाढवत नेतात. हाच एल निनो.

उबदार पाण्याबरोबर ढगांचे क्षेत्रही पूर्वेकडे जाते, भारताच्या परिसरात हवा खाली उतरू लागते आणि ढगांची वाढ खुंटते. एल निनोच्या अशाच एका वर्षी, २०१५ मध्ये, देशात सरासरीच्या ८६ टक्केच पाऊस झाला, आणि भर पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, मुंबईकरांवर पाणीकपातीची वेळ आली.

तरीही एल निनो म्हणजे दुष्काळच, असे समीकरण मांडणे मला धोक्याचे वाटते. १९९७ चा एल निनो अतिशय प्रबळ होता, पण त्या वर्षी मोसमी पाऊस सरासरीइतका झाला. त्या सुमारास हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग तापलेला आणि सुमात्राजवळचा भाग थंड होता. या स्थितीने मोसमी वाऱ्यांना बळ दिले, असे मानले जाते.

प्रशांत महासागराचा पुढचा कल मार्च ते मे या काळात ओळखणे सर्वांत अवघड असते, आणि पावसाळ्याचा पहिला अंदाज नेमका एप्रिलमध्ये द्यावा लागतो. म्हणूनच हवामान विभाग मेअखेरीस सुधारित अंदाज देतो. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा, भातसा, वैतरणेसह सातही तलावांत १ ऑक्टोबरला किती पाणी आहे, ते पाहूनच महापालिका पुढच्या पावसाळ्यापर्यंतच्या पुरवठ्याचा हिशेब मांडते.