स्टॉपर जेव्हा कोच होतो

नमस्कार. पत्रिकेत फुटबॉलमधला विषय छापलाय, ‘बचावपटू ते प्रशिक्षक’. पण प्रशिक्षकाकडे जाण्याआधी बचावपटूचं गाऱ्हाणं मांडतो, कारण त्याच्यावरचा अन्याय बाराव्या-तेराव्या वर्षीच सुरू होतो. आपल्या बेळगावात लेले मैदानावर नाहीतर खानापूरकडच्या एखाद्या शाळेच्या पटांगणात संध्याकाळी गडी वाटताना बघा. चपळ पोरगा फॉरवर्ड. अंगानं भरलेला, पळायला जड, तो बॅक, म्हणजे बचावपटू. उरला तो गोली, म्हणजे गोलरक्षक. मग कडेवरून आरोळी येते, “काय बघूलास, हाण की बाहेर!” झालं. बॉल आला की मान खाली घालून लांब हाणायचा, एवढंच शिक्षण त्या पोराच्या पदरात पडतं. खेळातली सगळ्यात विचार करायला लावणारी जागा आपण न विचार करणाऱ्यासाठी राखून ठेवलीय, आणि याचा मला मनापासून राग येतो.

या जागेत विचार कसला, ते सांगतो. फॉरवर्ड बॉल घेऊन अंगावर येतोय. बॅकनं आधी धावत जाऊन अंतर तोडायचं, पण शेवटची तीन-चार पावलं बारीक टाकायची. तिथं वेग मोडला नाही तर समोरचा नुसता खांदा हलवून निघून जातो. मग दीड-दोन हातांवर थांबायचं. छाती त्याच्याकडे करून सरळ उभं राहायचं नाही, तिरकं राहायचं. एक पाय पुढं, गुडघे वाकलेले, वजन चवड्यावर. नजर बॉलवर ठेवायची. तोंडाकडं बघाल तर फसाल, हुलकावणी तोंडानं आणि खांद्यानं देतात. तिरकं उभं राहून त्याला त्याच्या कच्च्या पायाकडं, साइडलाइनकडं ढकलत न्यायचं. लाइन हा आपला फुकटचा गडी आहे. पाय घालायचा तो एकाच क्षणी, बॉल त्याच्या पायापासून अर्धा-पाऊण हात सुटतो तेव्हा. त्याआधी घातलेला पाय म्हणजे फाउल, नाहीतर गोल. पोरं चुकतात ती इथंच. दम निघत नाही, टाचेवर उभी राहतात, मागं सरकताना पायात पाय अडकतो.

आता दुसरा बॅक. तो पहिल्याच्या मागं पाच-सहा पावलांवर, तिरका, आतल्या बाजूला हवा. जवळ आला तर एकाच हुलकावणीत दोघे कापले जातात, लांब राहिला तर पोहोचत नाही. हे अंतर दर सेकंदाला बदलतं. ते बदलण्याचं काम तोंडानं होतं, “थांब”, “लाइनला ने”, “मी आहे”. मुका स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, कितीही ताकदीचा असो, अर्धाच.

जाता जाता, हा ‘स्टॉपर’ आला कुठून? 1925 पर्यंत ऑफसाइडला वाचायचं तर, म्हणजे पुढं पास घेताना फॉरवर्डची जागा बेकायदा ठरू नये म्हणून, फॉरवर्डच्या पुढं विरुद्ध बाजूचे तीन खेळाडू लागत. त्या वर्षी तीनाचे दोन झाले आणि इंग्लंडात गोलांचा पूर आला. आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननी मधला हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारा गडी, मागं ओढून दोन बॅकच्या मध्ये उभा केला. तोच स्टॉपर. म्हणजे ही जागाच विचारातून जन्माला आली. दुसरा धक्का 1992 चा. आपल्या माणसानं मुद्दाम पायानं दिलेला बॉल गोलीनं हातात घ्यायचा नाही, असा नियम झाला. तेव्हापासून दाबाखाली पास देता येणं बॅकच्या पोटापाण्याचं काम झालं. आणि आपण अजून “हाण बाहेर” म्हणतोय!

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा मूळ विषय पळवतो.

सगळं मैदान आणि दोन्ही संघ समोर दिसतात ते गोलीला आणि स्टॉपरला. म्हणून हे लोक कोचिंगमध्ये शोभतात. सुब्रत भट्टाचार्य मोहन बागानला वर्षानुवर्षं स्टॉपर खेळले आणि त्याच क्लबला कोच म्हणून राष्ट्रीय लीग जिंकून दिली. सय्यद नईमुद्दीन 1970 च्या एशियाडमध्ये ब्राँझ मिळवणाऱ्या संघाचे कप्तान, पुढं देशाचे कोच. आणि चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथला महेश गवळी. 2003 साली कोलकात्याच्या ईस्ट बंगालनं आग्नेय आशियातली आसियान क्लब स्पर्धा जिंकली, त्या बचावफळीतला. 2023 ची दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या कंठीरव स्टेडियमवर झाली. भारताचे तेव्हाचे मुख्य कोच इगोर स्टिमाच निलंबित, म्हणून उपांत्य आणि अंतिम सामन्याला कडेवर गवळी उभे होते. स्टिमाचही स्टॉपरच, 1998 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे. त्या दोन सामन्यांत भारताची लेबनॉनशी शून्य-शून्य, कुवेतशी एक-एक बरोबरी, दोन्ही पेनल्टी शूटआउटवर जिंकले. दोन्ही सामन्यांत धीर धरावा लागला, आणि धीर ही बॅकचीच कमाई.

पण चांगला बॅक आपोआप चांगला कोच होत नाही. पहिली अडचण, त्याला जे अंगानं कळतं ते शब्दांत सांगता येत नाही. “बघ, असं” म्हणून तो स्वतःच करून दाखवतो, पोरं टाळ्या वाजवतात, शिकत काहीच नाहीत. दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखा, एकास एक खेळवा. सहा-आठ सेकंदांचा डाव, मग अर्धा मिनिट विश्रांती, असे आठ डाव. पुरे. दमलेलं पोर पाय आधी घालतं आणि तीच सवय लागते. मग वीस बाय पंधरात दोनास दोन. चूक झाली की शिट्टी, सगळे जागच्या जागी. “तुझ्यात आणि त्याच्यात किती पावलं आहेत?” मोजायला लावा. उत्तर त्यानं द्यायचं, कोचनं नव्हे.

दुसरी अडचण, आयुष्य गोल वाचवण्यात गेलेला माणूस अकराही जणांना बॅक करून टाकतो. संघ आपल्याच डीत, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात, गोळा होतो, हिसकावलेला बॉल द्यायला पुढं कुणी नसतं, तोच बॉल परत येतो. एक फॉरवर्ड तरी वर ठेवा, छातीत धडधडलं तरी. आणि कोचिंगच्या लायसन्सची पायरी डी, सी, बी, ए, प्रो अशी चढायची असते. नाव कितीही मोठं असलं तरी खालून सुरुवात करा, लहान पोरांना शिकवण्याची रीत तिथंच कळते.

शेवटचं, खास बेळगावच्या पावसासाठी. जून ते सप्टेंबर आपल्या लाल मातीत बॉल पळत नाही, रुततो. गोलीकडं दिलेला पास वाटेतल्या डबक्यात थांबतो आणि फॉरवर्ड तिथं आधी पोहोचतो. म्हणून सामन्याआधी गोली आणि चारही बॅकना घेऊन आपल्या डीत चालत जा. पाणी कुठं साचलंय ते पाय घालून बघा. त्या भागातून मागं पास नाही, बॉल कडेला काढायचा, असं प्रत्येकाला नाव घेऊन सांगा. हाफटाइमला बाजू बदलली की दुसऱ्या डीत हेच पुन्हा करा.