मालाडच्या दगडातला कापूस

(दृश्य: काचेचं कपाट. आत पंजाएवढा काळा दगड, मधोमध पोकळी.)

मुंबईतल्या एका घरातला हा नग मुंबईच्याच पोटातून निघालेला. मालाड पूर्वेच्या कुरारमधल्या दगडखाणीतला. कुरारमध्ये आता घरांना घरं चिकटलेली आहेत.

पोकळीतले पांढरे गोळे कापसाचे नाहीत. ते ओकेनाइट. कॅल्शियम, सिलिका आणि पाणी यांचं खनिज. १८२८ साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ फॉन कोबेल यांनी निसर्गशास्त्रज्ञ लोरेन्झ ओकेन यांच्यावरून हे नाव दिलं, ते ग्रीनलंडच्या डिस्को बेटावरच्या नमुन्यावरून. दख्खनचा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत क्षार विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं, आणि स्फटिक धरले.

(दृश्य: भिंगातून तंतू.)

खनिजांचा कठीणपणा एक ते दहात मोजणाऱ्या मोह्सच्या मापावर हा साडेचार ते पाच, म्हणजे काचेच्या थोडाच खाली. पण तंतू केसाहून बारीक. बोट टेकलं की ते वाकून एकमेकांना चिकटतात, आणि तो चपटा डाग कायमचा राहतो.

पाण्याने धुणं त्याहून वाईट. वाळताना पाणी तंतूंना ओढून एकत्र आणतं, भिजलेल्या ब्रशसारखे त्यांचे झुपके होतात. नगावरचं कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं खनिज, काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरायची सवय असेल तर इथे आवरा, त्यात ओकेनाइटच विरघळू लागतं. एकदा आत बसलेली धूळ निघत नाही, म्हणून डबी पहिल्या दिवसापासून झाकणाची हवी.

निळे, गुलाबी गोळे विकायला येतात. ते रंगवलेले. भिंगातून पाहिलं तर रंग टोकांना साचलेला आणि तंतू गोळा झालेले दिसतात.

(दृश्य: पावसाळी खिडकी. कपाटात सिलिका जेलची पुडी.)

पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या डबीला बुरशी धरते, म्हणून सगळेच कपाटात ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवतात. एक अपवाद आहे. त्याच नगावर लोमोंटाइट हे पाणी धरून असणारं दुसरं खनिज असेल तर पुडी बाहेर काढा. हवा फार कोरडी झाली की लोमोंटाइटमधलं पाणी उडतं आणि त्याचा भुगा होतो. मुंबईकराला कोरड्या हवेची भीती घालणं विचित्र वाटेल, पण दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीत हे घडतं.

(दृश्य: नग डबीत बसवताना.)

हलवताना कापसात गुंडाळू नका. कापसाचे धागे तंतूंत अडकतात, आणि सोडवताना तंतूच तुटून येतात. दगडाचा तळ पुट्टीने पाटीला चिकटवायचा, पाटी डबीच्या तळाला, आणि गोळ्यांना चारही बाजूंनी मोकळी हवा. ही डबी मोठ्या खोक्यात, मधल्या जागेत चुरगळलेला कागद. खोकं आडवं करायचं नाही. लोकलने तर नेऊच नका.

(दृश्य: तळाला शाईने घातलेला क्रमांक. शेजारी कागदी चिठ्ठी.)

चिठ्ठीला कसर लागते, म्हणून तोच क्रमांक दगडाच्या तळावरही घातलेला आहे. वहीत त्यापुढे लिहिलंय: ओकेनाइट, कुरार, मालाड पूर्व.