यादीतलं नाव

[दृश्य : पहाट. डांबरी रस्ता. धावणारी मुलं, तोंडातून वाफ.]

बीड जिल्हा. धारूर आणि केजच्या मधलं, बालाघाटाच्या रांगेतलं एक गाव. पहाटेचे साडेपाच.

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं, मुलींना ८००. गावाला मैदान नाही, म्हणून रस्ता. अंतर विजेच्या खांबांवर मोजलंय. सोळाशे कुठं संपतं, ते एका खांबावर चुन्यानं लिहिलंय. पाऊस झाला की कुणीतरी ते पुन्हा लिहितं.

पुण्याहून पाहुणे आलेत म्हटल्यावर मुलं थांबतात. सर्वे आहे म्हटल्यावर गोळाच होतात. "मग आम्हालाच इचारा की. तरुणांचं काय म्हणणं आहे ते आम्हीच सांगतो."

मॅडम त्यांच्याशी बोलतात. कोण कुठल्या अकादमीत जातो, फी किती, वय किती उरलंय, सगळं ऐकून घेतात. खांद्यावरच्या पिशवीतला फॉर्म मात्र बाहेर निघत नाही.

या मॅडम राज्यशास्त्राच्या प्राध्यापक. लोकांचं मत कसं बनतं आणि कसं हलतं, हा त्यांचा अभ्यास, आणि त्यातही १८ ते ३४ या वयाचा. लग्न, जात, नोकरी, घरात कुणाचं चालतं, याबद्दल या वयाच्या मनात काय सरकतंय हे त्या तपासतात. या फिल्ममध्ये त्यांचं नाव घेतलेलं नाही, कारण गावाचंही घेतलेलं नाही. एकाचा माग काढला की दुसऱ्याचा लागतो.

[दृश्य : मॅडमच्या हातातली यादी. बोट एकेका ओळीवरून खाली.]

पारावर भेटणारा, चहाच्या टपरीवर भेटणारा, मोबाईलवरची लिंक उघडून फटाफट खुणा करणारा तरुण मॅडमना नको असतो असं नाही. पण तो आपण होऊन पुढं आलेला असतो. अशांची मतं गोळा केली की हाती येतो तो पुढं येणाऱ्यांचा गाव. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत पातेल्याच्या कुठल्याही भागातून उचलता आलं पाहिजे. म्हणून आधी यादी. यादीतून ठरावीक अंतरानं घरं. आणि ज्या घराचा नंबर निघाला त्याच घरात जायचं, मग ते वस्तीच्या पार टोकाला असो, की दारात कुत्रं बांधलेलं असो.

हे काम वेळखाऊ आहे. पैसेखाऊही. अलीकडं पुष्कळांना ते परवडत नाही असं ते सांगतात, आणि आठवड्याभरात मोबाईलवरून 'देशातली तरुणाई काय म्हणते' हे छापूनही मोकळे होतात.

[दृश्य : महाविद्यालयाची वर्गखोली. बाकांवर विद्यार्थी. फळ्यावर 'फॉर्म क्र.']

अंबाजोगाईतल्या एका महाविद्यालयाची ही मुलंमुली. उद्यापासून हीच दारोदार जाणार. आज रंगीत तालीम. एक मुलगी प्रश्न विचारणार, वर्गातलाच एक मुलगा उत्तर देणार.

ती वाचते, "लग्नानंतर बाईनं नोकरी करणं बरोबर नाही. या विधानाशी तुम्ही सहमत आहात की असहमत?"

तो जरा थांबतो. ती मान हलवते, हसते, आणि म्हणते, "म्हणजे असहमतच ना?"

मॅडम हात वर करतात. "हा फॉर्म गेला." वर्ग हसतो. मॅडम हसत नाहीत. "तुझी मान हलली तेव्हाच त्याला कळलं तुला काय हवंय ते. तो आता तुझ्या आवडीचं सांगणार. विधान वाचायचं, पर्याय वाचायचे, गप्प बसायचं. उत्तर आलं की 'बरं' म्हणायचं. 'छान' नाही म्हणायचं. 'अरेरे' तर नाहीच."

मग सगळा वर्ग 'बरं' म्हणायचा सराव करतो. हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण आवाजात होकार नाही, नकार नाही, कौतुक नाही, असं 'बरं' म्हणून पाहा एकदा.

या विधानाला मागचा इतिहास आहे. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या 'लोकनीती' या सर्वेक्षण करणाऱ्या विभागानं २०१६ मध्ये १९ राज्यांत, १५ ते ३४ वयाच्या ६,१२२ जणांना गाठलं. लग्नानंतर बायकांनी नोकरी करणं बरोबर नाही, याला ४१ टक्के तरुणांनी होकार दिला. बायकोनं नवऱ्याचं नेहमी ऐकलंच पाहिजे, याला ५१ टक्क्यांनी. लग्न झालेल्यांपैकी ८४ टक्क्यांचं घरच्यांनी ठरवलेलं होतं, स्वतः जोडीदार निवडलेले फक्त ६ टक्के.

[दृश्य : कपाट. जुने गठ्ठे, दोरीनं बांधलेले फॉर्म.]

या कामात पुणं जुनं आहे. १९६२ च्या निवडणुकीच्या वेळी पुणे विद्यापीठाच्या प्राध्यापक व. म. सिरसीकरांनी मतदारांचा अभ्यास केला, तेव्हा अशा कामाला राज्यशास्त्र म्हणायचं का, इथपासून लोकांना शंका असायची. पुढच्याच वर्षी राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी दिल्लीत सीएसडीएस उभी केली. तिच्यातून १९९७ मध्ये लोकनीती निघाली आणि राज्याराज्यांतल्या अभ्यासकांचं जाळं विणलं गेलं. पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर त्यातलं एक प्रमुख नाव. फॉर्म घेऊन फिरणारे बहुतेक विद्यार्थी. मॅडमही विद्यार्थिनी असताना अशाच एका सर्वेक्षणात पायाला फोड येईपर्यंत फिरल्या होत्या.

लोकनीतीनं २००७ मध्येही तरुणांना विचारलं होतं. तेव्हा सरकारी नोकरी हवी म्हणणारे ६२ टक्के होते, २०१६ मध्ये ६५. मधल्या नऊ वर्षांत मॉल आले, स्मार्टफोन आले, खाजगी नोकऱ्यांच्या केवढ्या गोष्टी ऐकल्या आपण. आणि पहाटे रस्त्यावर पोरं सोळाशे मीटरच पळतायत. लग्न झालेल्या तरुणांचं प्रमाण मात्र ५५ वरून ४७ टक्क्यांवर आलं.

आता यातला बदल नेमका कुणाचा? २००७ मध्ये जो वीस वर्षांचा होता तो २०१६ मध्ये एकोणतीसचा झाला. त्याचं मत बदललं असेल तर ते वयानं बदललं, की काळानं? की तो तोच राहिला, आणि त्याच्या मागून आलेले वीस वर्षांचे वेगळे निघाले? हे तिन्ही सुटे करायचे तर तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा विचारावा लागतो. विद्यार्थी कुरकुरतात. "मॅडम, हे वाक्य जुनाट वाटतं, जरा बदलू या?" मॅडम म्हणतात, वाक्याला हात लावलात तर फरक लोकांत पडला की वाक्यामुळं पडला, हे कुणालाच सांगता यायचं नाही. काना, मात्राही तीच राहते.

[दृश्य : पत्र्याचं घर, पुढं ओटा. म्हैस. फॉर्म भरणारा हात.]

यादीतलं घर. चौतीसच्या आतली माणसं तीन. थोरला मुलगा, त्याची बायको, धाकटा मुलगा. फॉर्मवर तिघांची नावं वयाच्या उतरत्या क्रमानं लिहिली जातात. शेजारी एक छोटा तक्ता छापलाय. फॉर्मचा क्रमांक आडवा, घरातली माणसं उभी. दोन्ही जिथं मिळतात त्या चौकटीत एक आकडा. आज तिथं दोन आहे. दोन नंबरला सून.

हा तक्ता लेस्ली किश नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये मांडला. जन्मानं हंगेरियन, तरुणपणी स्पेनच्या यादवीत लढायला गेलेला, मग अमेरिकेत प्राध्यापक झालेला माणूस. घरात गेल्यावर कुणाला विचारायचं हे विचारणाऱ्यानं ठरवायचं नाही आणि घरातल्यांनीही ठरवायचं नाही, एवढ्यासाठी त्यानं तो केला. बीड जिल्ह्यातले सासरे त्याच्या डोळ्यांपुढं नसणार. पण तक्ता त्यांनाही पुरून उरतो.

सासरे ओट्यावरून म्हणतात, "तिला काय इचारता? ती काय सांगणार? ह्याला इचारा, ह्यो एमपीएससी करतोय." धाकटा शर्ट नीट करून बसलेलाच आहे.

फॉर्म घेऊन आलेली मुलगी विशीची. म्हणते, "मामा, नाव मी निवडलेलं नाही. तक्त्यात वहिनींचा नंबर निघालाय."

पेच पडतो. तो सोडवतात सासूबाई. "निघालाय तर बसू द्या की तिला. रेशनच्या दुकानात नाही का नंबर लागत?"

[दृश्य : परसदार. कपडे धुण्याचा दगड. दोघींची पाठ.]

मुलाखत घरामागं, धुण्याच्या दगडावर. कॅमेरा इथंच थांबतो. उत्तरं गोपनीय आहेत, ती आम्हीही ऐकलेली नाहीत.

आवाज येत नसला तरी काय चाललंय ते मुलीच्या हाताकडं बघून कळतं. पहिल्या पानावर पेन एकाच उभ्या ओळीत खाली उतरतंय. तो रकाना 'सांगता येत नाही' चा. नवख्या सर्वेक्षकाला तो रकाना म्हणजे आपला पराभव वाटतो. तो मग प्रश्न समजावायला लागतो, उदाहरणं द्यायला लागतो, आणि शेवटी स्वतःचंच मत वहिनींच्या नावावर भरून घरी येतो. मॅडमच्या हिशेबी या रकान्याची किंमत बाकीच्यांइतकीच. आजवर जिला कुणी काही विचारलंच नाही ती पहिल्या दहा प्रश्नांना असंच म्हणणार. ते तसंच लिहायचं.

दुसऱ्या पानापासून पेन इकडंतिकडं सरकायला लागतं.

मधेच सासरे पाणी प्यायचं निमित्त काढून मागं येतात. मुलगी प्रश्न थांबवते, पिकाचं विचारते, ते गेले की पुन्हा सुरू. फॉर्मच्या शेवटी एक चौकट असते. मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होतं? तिथं खूण होणार.

[दृश्य : खाकी कागद चिकटवलेला बुटांचा खोका, वर फट. घडी घातलेला कागद आत जातो.]

काही प्रश्न तोंडानं विचारायचेच नाहीत. लोकनीतीच्या निवडणूक सर्वेक्षणांत नकली मतपत्रिका आणि पेटी असते. मत कुणाला दिलं ते सर्वेक्षकालाही दिसत नाही. मॅडमनी तीच रीत जातीबाहेरच्या लग्नाच्या प्रश्नाला लावलीय. आंतरजातीय लग्न योग्य वाटतं का, हे तोंडी. तुमच्या सख्ख्या बहिणीनं किंवा भावानं केलं तर चालेल का, हे कागदावर, खोक्यात. दोन्ही उत्तरं जुळतीलच असं नाही, आणि त्यांच्यातलं अंतरच मॅडमना मोजायचंय.

लग्नाचा विषय इकडं नाजूक झालाय. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणारे तरुण नवरदेवाच्या पोशाखात, काही घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले. लोक हसले. पण २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. ती मुलं आता मॅडमच्या यादीत यायला लागली आहेत.

अशा अहवालांचे आकडे पुढं वर्तमानपत्रांत येतात, पक्ष वाचतात, मंत्रालयात फाईलला लागतात, कधी एखाद्या योजनेत उतरतात.

[दृश्य : वस्ती. एकापाठोपाठ कुलपं. दाराला आडव्या लावलेल्या बाभळीच्या काट्या.]

गावाच्या वरच्या अंगाची वस्ती. यादीतली इथली बहुतेक घरं बंद आहेत. दिवाळी झाली, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतली, ट्रॅक्टर आले आणि माणसं ऊस तोडायला गेली. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. मागं म्हातारी माणसं आणि शेळ्या.

एक आजी सांगते, "पोरगं अन् सून कारखान्याला गेलेत. पाडव्याला येतेल."

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, एकट्या गड्याला कुणी जोडीत धरत नाही. म्हणून इथं लग्नाची घाई, आणि पुष्कळदा मुलीचं वय न बघता. म्हणजे लवकर लग्न झालेली पोरं नेमकी कुलपामागं. दिवसभर फिरून कंटाळलेला सर्वेक्षक शेजारच्या उघड्या घरात शिरला तर? तिथं भेटणार अकादमीतला, अभ्यासिकेत बसणारा, बिनलग्नाचा मुलगा. फॉर्म भरेल, संख्या पूर्ण होईल, आणि अहवालात लिहिलं जाईल की मराठवाड्यात लग्नाचं वय झपाट्यानं वाढतंय.

मॅडमचा नियम म्हणून साधा आहे. शेजारचं घर घ्यायचं नाही. तीन वेळा जायचं, वेगवेगळ्या वेळी, आणि नाहीच भेटलं तर का नाही ते लिहायचं.

[दृश्य : संध्याकाळ. लॉजची खोली, पलंगावर फॉर्म पसरलेले. लाल पेन.]

रात्री फॉर्म तपासले जातात. एका मुलाचे सगळे फॉर्म वेगळे काढलेत. त्याच्या प्रत्येक मुलाखतीला बरोबर अठ्ठावीस मिनिटं लागली आहेत. त्याच्याशी उद्या सकाळी बोलणं होईल.

वरच्या वस्तीच्या फॉर्मांवर उत्तरं नाहीत. शेऱ्याच्या जागी एकच मजकूर, वेगवेगळ्या अक्षरांत : घर बंद, ऊसतोड, पाडव्यानंतर. मॅडम त्यांचा वेगळा गठ्ठा बांधतात आणि निधी देणाऱ्यांना मेल लिहायला बसतात. एप्रिलमध्ये चार विद्यार्थी, आठवडाभर, एसटीचं भाडं आणि जेवण. अभ्यासाची मुदत मार्चअखेर संपते, त्यामुळं मुदतवाढही मागितलीय. मंजुरी अजून आलेली नाही.