बांधावरचं पोकळ झाड

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय बांधावरच्या झाडांबद्दल. लावायच्या नव्हे, उभ्या असलेल्या झाडांबद्दल. रोप लावताना फोटो निघतो, पण जुनं झाड राखलं म्हणून कुणाचा फोटो निघाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. असो, तो विषय काढला की मी थांबत नाही.

माझ्या काकांच्या आणि शेजाऱ्याच्या सामाईक बांधावर एक म्हातारा उंबर होता. त्याच्या सावलीनं दोन्हीकडच्या काठावरच्या ओळी दरवर्षी खुरटायच्या. या दोघांचं एरवी कशावर पटलं असेल तर शपथ, पण उंबर तोडायचा यावर मात्र एकमत झालं. तोडणारे आले. एक गडी दोर घेऊन वर चढला, खोडातल्या ढोलीशी हात टेकला, आणि आतून आवाज आला, फूऽऽस्स! ‘नाग, नाग’ करत गडी असा खाली आला, की दोर वरच लोंबकळत राहिला.

कुणी म्हणे धूर करा, कुणी म्हणे ढोली बुजवा. काका म्हणाले, “थांबा. काय असेल ते अंधार पडल्यावर बाहेर येईल.” सगळे लांब जाऊन बसले. आम्ही पोरं तर श्वास रोखून. दिवस मावळला, आणि ढोलीच्या तोंडाशी एक पांढरा, पत्त्यातल्या बदामासारखा चेहरा आला. गव्हाणी घुबड! फुसफुसत होती ती त्याची पिल्लं. नर-मादी निघाली, पंखांचा जराही आवाज नाही, आणि थोड्या वेळानं एक परतलं ते चोचीत उंदीर घेऊन. काका बोटांवर मोजायला लागले. सात झाले तेव्हा शेजारी म्हणाला, “यातले निम्मे माझ्या शेतातले हं.” काका म्हणाले, “मग निम्मी सावलीपण तुझीच.”

शेवटी ठरलं, पिल्लं उडाली की तोडू. खालच्या चार फांद्या तेवढ्या छाटल्या आणि ओळींना ऊन मिळालं.

आता थोडं कामाचं. हा पक्षी काड्या गोळा करून घरटं बांधत नाही. त्याला आयती पोकळी लागते, आणि झाडात ढोली व्हायला कित्येक दशकं जातात. म्हणून म्हणतो, ढोलीचं झाड तोडू नका. फांद्या छाटा, पण ढोलीचं झाड तोडू नका. झाड उरलंच नसेल तर लाकडी पेटी उंचावर बसवता येते. मलेशियात तेलताडाच्या मळ्यांत आणि इस्रायलमध्ये शेतांत अशा पेट्या उंदरांच्या बंदोबस्तासाठीच लावल्या आहेत. शेतात पक्षीथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायला उभे खांब, लावले तर तेही कामी येतात.

दुसरं, विषारी आमिष. ब्रोमाडिओलोनसारखं, रक्त गोठू न देणारं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस गुंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. असा उंदीर धरायला सोपा, म्हणून घुबड तोच उचलतं, आणि विष त्याच्याही पोटात जातं. उंदरासाठी ठेवलेलं विष घुबडाला लागतं, हे पुन्हा सांगतो.

झाडाखाली काळपट गोळे पडलेले दिसले तर काडीनं फोडून बघा. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं अशी गोळा करून ओकतं. आत इवल्याशा कवट्या सापडतात. पोरांना त्यावरून मारलेल्या उंदरांचा हिशेब करायला लावा, आपण सुट्टीत देतो त्या गृहपाठापेक्षा तो बरा.

काकांचं म्हणाल, तर पिल्लं दोन महिन्यांत उडाली. पण पुढच्या हंगामात ढोलीत पुन्हा फुसफुस. काकांनी आजवर ‘उंबर ठेवला’ असं एकदाही तोंडानं म्हटलेलं नाही. कुणी विचारलं की म्हणतात, “तोडायचाय ना. एवढी पिल्लं उडू देत.” वीस वर्षं हेच चाललंय, आणि शेजारी अजून निम्म्या उंदरांवर हक्क सांगतो.

नमस्कार.