राउटर काउंटरवर आणि पाहुणा दुसऱ्या मजल्यावर

नमस्कार हॉटेल-लॉजवाल्या मंडळी. विषय ठरलाय हॉटेलात वायफाय आणि मोबाईल कसा वापरायचा, म्हणजे ऑर्डर, पेमेंट, खोलीची किल्ली सगळंच, पण आधी राउटरचं बोलतो, कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

ऐन पावसात आईला घेऊन मालवणकडे गेलो होतो. लॉजचं नाव घेत नाही, माणसं फार चांगली होती, सोलकढी तर अजून आठवते. बाहेर पाटी ‘फ्री वायफाय’. खोली दुसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला, आणि तिथे वायफायची एक कांडी येईल तर शपथ, मोबाईलची रेंजपण नाही. भाऊ जर्मनीत असतो, रोज रात्री नऊला त्याचा व्हिडिओ कॉल. तीन रात्री आई कठडा धरत धरत जिना उतरायची आणि काउंटरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर लेकाशी बोलायची.

तिसऱ्या रात्री राहवेना, काउंटरच्या आत वाकून बघितलं. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, शेजारी तीन फुटी फिश टँक! अहो, लोखंड सिग्नल परतवतं, पाणी तो शोषून घेतं, त्यात भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आणि चिरा पावसात पाणी पितो हे तुम्हाला मी काय सांगू. मालक म्हणाले, ‘साहेब, आत्ताच जास्त स्पीडचा प्लॅन घेतलाय.’ वाईट वाटलं हो, पैसे घालूनही पाहुणा नाराजच. टाकी मोठी केली, पण वरच्या मजल्यावर पाइपच नेला नाही, तसं झालं. वर केबल न्या, मजल्या-मजल्यावर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून नेट घेऊन तिथे वायफाय देणारा डबा, लावा, चिऱ्याच्या भिंती असतील तर दोन खोल्यांमागे एक, आणि शेजारशेजारच्या डब्यांना चॅनेल, म्हणजे रेडिओ स्टेशनसारखे वायफायचे पट्टे, वेगळे द्या, १, ६, ११, म्हणजे एकमेकांवर ओरडणार नाहीत.

आणि वायफाय जोडताना मोबाईलवर कोड पाठवणारं ते ओटीपी लॉगिन! पाहुणा कोण हे नोंदवायला हवं, मान्य, पण परदेशी पाहुण्याकडे भारतातला नंबर नसेल तर तो काय करणार? पासपोर्टची नोंद तुम्ही घेताच, त्याच वेळी काउंटरवरून वायफायच्या पासवर्डचं कूपन द्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत, भरभर सांगतो.

वेटरच्या हातात टॅब द्या, केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, थेट किचनच्या प्रिंटरवर निघते, त्याची फेरी वाचते, ‘मी फिश करी सांगितली होती’ हे वाद कमी होतात. पण टॅब वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर ठेवा, मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ वरच चालतो, तो लागला की त्या बँडवरचे टॅब अडखळतात.

क्यूआर १९९४ ला जपानमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांसाठी निघाला, आपल्याकडे २०१६ ला यूपीआय आलं आणि तो टपरीपर्यंत पोचला. पैसे आले की बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिम असतं, वायफाय गेलं तरी तो बोलतो, म्हणून रेंज मिळेल तिथे ठेवा. मेनूचा क्यूआर जरूर लावा, पण छापील कार्ड काढून टाकू नका, माझ्या आईसारखी माणसं येतात.

मोबाईलने उघडणारं कुलूप घ्याल तर त्याची बॅटरी कोण बदलणार ते आधी ठरवा. आणि बिलिंगचं नेटवर्क पाहुण्यांच्या वायफायपासून वेगळं, हे आज घरी जाऊनच करा, रात्री करा, गिऱ्हाईक नसताना. कुणाला चॅनेल बघून हवे असतील तर चहाला थांबतोय, फोनमध्ये ॲप आहे, दाखवतो.