तिसऱ्यांची रुंदी

[पहाट. मिरकरवाडा बंदर. होड्या धक्क्याला, टोपल्या उतरतायत.]

सुरमई, बांगडा, पापलेट. बाजूला खाडीतून आलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. माल उतरला की आधी काटा, मग नोंद. नोंद हल्ली संगणकावर, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये.

[पडदा. दोन रकाने. उजवा वाकडा.]

डावीकडे नाव, उजवीकडे वजन. मधे स्पेस मोजून दिल्यात, तरी वजनं एका रेषेत येत नाहीत. टाइप करणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. मोजायची होती रुंदी, मोजली गेली लांबी.

[जवळून: ‘तिसऱ्या’. कर्सर एकेक पाऊल सरकतो.]

हा एकच शब्द घ्या. वाचताना अक्षरं तीन: ति, स, ऱ्या. फाइलमध्ये कोड पॉइंट, म्हणजे संगणक सुट्या धरतो त्या खुणा, सात: त, ह्रस्व वेलांटी, स, खाली टिंब असलेला ऱ, पाय मोडण्याची खूण, य, काना. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइटचा, म्हणजे बाइट २१. टर्मिनलमधलं, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतलं, ‘डब्ल्यूसीविड्थ’ हे जुनं माप पाय मोडण्याच्या खुणेला शून्य घरं देतं, बाकी सहांना एकेक. त्याचं उत्तर ६. साध्या इंग्रजी शब्दात हे सगळे आकडे एकच येतात, म्हणून तिथे चूक लपून राहते. मराठीत ती पहिल्याच ओळीत उघडी पडते. आणि पडद्यावर शब्द अडवतो ती जागा ३, ६, ७, २१ यांतल्या कशातच नाही.

ती ठरते फॉन्टमध्ये. हार्फबझसारखं शेपिंग इंजिन वेलांटी त च्या आधी नेतं, ऱ चा पापणीसारखा आकार करून य ला जोडतं आणि प्रत्येक आकारानंतर किती पुढे सरकायचं ते सांगतं. त्या सरकण्याची बेरीज म्हणजे रुंदी. ऱ, य, काना सुटे मोजून बेरीज केली तर ती ऱ्या ची रुंदी नव्हे. शब्द अख्खाच मोजायला हवा.

[पडदा. ईमॅक्स हा एडिटर. आज्ञा टाइप होते.]

ईमॅक्समध्ये २९व्या आवृत्तीपासून यासाठी ‘स्ट्रिंग-पिक्सेल-विड्थ’ हे फंक्शन आहे. शब्द तात्पुरत्या बफरमध्ये, म्हणजे कामापुरत्या जागेत मांडून ते थेट पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ठिपके सांगतं. सगळी नावं मोजायची, सर्वांत रुंद नावात दोन स्पेसची जागा मिळवायची आणि प्रत्येक ओळीत वजनाआधीची स्पेस ‘अलाइन-टू’ या गुणधर्माने त्या पिक्सेलपर्यंत ताणायची. आकडा कंसात द्यायचा. कंस विसरला तर ईमॅक्स तो पिक्सेल न धरता अक्षरांच्या रुंदीत धरतो आणि वजनं पडद्याबाहेर जातात. नुसत्या स्पेस भरून हे जमत नाही. एका स्पेसहून लहान फट उरतेच, ओळीगणिक वेगळी.

मोजताना फॉन्ट तोच हवा. ठळक नाव साध्या अक्षरात मोजलं, तर रकाना तेवढ्या ओळीपुरता हलतो.

[छापील कागद. बोट ओळीवरून सरकतं.]

ही मांडणी फाइलमध्ये उतरत नाही. दुसऱ्या एडिटरमध्ये रकाना पुन्हा वाकडा, आणि वजन भलत्याच माशासमोर वाचलं जातं.

[पडदा. अक्षरं मोठी होतात. रकाना मोडतो, मग सरळ होतो.]

अक्षराचा आकार वाढवला. जुने पिक्सेल बाद. यादी पहिल्या नावापासून पुन्हा मोजली.